झाऊची सुरी

मालकिणीला न्यायला राजाची होडी आली, त्या दिवशी इर्शुममध्ये कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

अश्शूरचं सैन्य कालव्याकाठानं खाली सरकत होतं. हे सैन्य गाव जिंकलं की आधी गावचा देव उचलतं आणि मग माणसं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून राजानं हुकूम काढला होता, की कालव्यावरच्या प्रत्येक गावानं आपापली मूर्ती राजधानीच्या तटाआड पाठवावी. वरच्या गावांचे देव गेलेही होते, माहेरपणाला निघाल्यासारखे, होडीत बसून. आता पाळी इर्शुमच्या मालकिणीची होती. तिचं खरं नाव फक्त पुजाऱ्यानं घ्यायचं. बाकी सगळ्यांची ती मालकीण, कारण कालव्याला पाणी यायचं तिच्यामुळे आणि घरातली पोरं जगायची तीही तिच्यामुळे.

रिमुत तिचा मुख्य पुजारी. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो तिला न्हाऊ घालत होता, नेसवत होता, सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढं ताट मांडून पडदा ओढत होता. स्वतःच्या बायकोच्या मनात काय चाललंय ते त्याला कधी कळलं नाही, ती बिचारी तशीच मेली. मालकिणीची मर्जी मात्र त्याला पडद्याबाहेरूनही कळायची, असं तो म्हणे. गावानंही ते मानलं होतं. पुजाऱ्याचं मानायचं नाही तर मग कुणाचं मानायचं?

वेशीच्या सावलीत गावसभा बसली.

"पाठवा तिला," रिमुत म्हणाला. "भिंत पडली तर आपण मरू. आपलं काय, आपण मरायलाच जन्मलोय. तिला त्यांच्या हाती जाऊ द्यायची नाही."

"आणि माझी दोन पोरं भिंतीवर कुणासाठी उभी राहतील, बुवा?" बुसासा म्हणाली. ती वेशीजवळ जवाची दारू गाळून विकायची, आणि सभेत बायकांनी बोलू नये हा नियम तिला आजवर कुणी ऐकवला नव्हता. "तुमच्या दाढीसाठी?"

"राजासाठी," सरदार कुदुर्रू म्हणाला. राजानं शिबंदी देऊन त्याला इर्शुममध्ये बसवलं होतं.

"राजा आज हा, उद्या तो. राजानं कधी माझ्या घरचा पाळणा हलवला? मालकिणीनं हलवला. ती घरात असेल तर पोरं उभी राहतील. ती गेली की मी त्यांना घेऊन दलदलीत जाते. बेडकं खाऊन राहू."

"वरच्या गावानं हेच केलं," एक म्हातारा म्हणाला. "देव धाडला आणि दुसऱ्या दिवशी वेस उघडून मोकळे झाले. म्हणाले, मालक घरात नाही तर राखण कशाची करायची?"

"अहो, पण मालकिणीला विचारलंत का कुणी?" मागून गिमिल्लू ओरडला. "तिला होडी लागत असेल तर?"

लोक हसले. गिमिल्लू हा देवळाचा सुतार, आणि रिमुतच्या धाकट्या बहिणीचा, काश्शायाचा नवरा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. पण हात सोन्याचे होते. म्हणून त्याची जीभ गाव सहन करत होतं.

कुदुर्रूनं हात वर केला. "ऐकलं मी. मालकीण कुठंही जात नाही."

लोकांनी एवढा जल्लोष केला की तटावरची कबुतरं उडाली. रिमुतला मात्र कळेना. राजाचा हुकूम मोडणारा सरदार त्यानं अजून पाहिला नव्हता.

तसला सरदार नव्हताच तो. सभा उठल्यावर त्यानं रिमुतला आणि गिमिल्लूला देवळाच्या मागच्या अंगणात नेलं.

"मालकीण जाईल, आणि मालकीण राहीलही," तो म्हणाला. "सुतार, अशीच दुसरी करायला तुला किती वेळ लागेल?"

रिमुत मागं सरकला. "सरदार, तोंड न धुतलेली मूर्ती म्हणजे ओंडका. तिला धूप कळत नाही, तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही. ओंडक्यापुढं ताट मांडू मी?"

"पडदा कोण ओढतं, बुवा?"

"मी."

"पडद्याआड तिला जेवताना कुणी बघितलंय?"

"बघायचं नसतं ते!"

"मग झालं तर. मी तुमच्या देवीवर शंका घेत नाही. मी एवढंच म्हणतो, की गाव पडद्याकडे बघून जगतं. पडदा आहे तिथं राहू द्या."

"हे पाप आहे."

"पापाचं तुमचं तुम्ही बघा. मला भिंतीचं बघायचंय. माणसं वर उभी राहिली तर भिंत, नाहीतर नुसत्या विटा. तुमच्याकडे देव आहे, माझ्याकडे नाही. तुमचा मला उसना हवाय."

"आणि देवानं उद्या विचारलं, माझं नाव कुणी वापरलं, तर?"

"तर सांगा, कुदुर्रूनं वापरलं. देवाआधी माझ्याकडे अश्शूरी पोचतील, त्यामुळे मला फार वेळ भ्यावं लागणार नाही."

रिमुत नाही म्हणू शकला असता. तो नाही म्हणाला नाही, आणि भीतीपोटी गप्प बसला असंही नाही. मालकिणीचा जीव वाचत होता. ती सुखरूप राजधानीत जाणार होती, आणि तेवढ्यापुरतं गाव लाकडावर भागवून नेईल, असं त्याला वाटलं. आपली लेक सुरक्षित जागी धाडून दुसऱ्याच्या पोरांना आगीजवळ बसवणारे बाप असतात, त्यातलाच हा.

गिमिल्लूनं काम धरलं ते मात्र भलत्याच आनंदानं. त्याचं कारण होतं.

आमच्याकडे देवाची मूर्ती घडवणाऱ्याला ती आपण घडवली असं म्हणता येत नाही. काम पुरं झालं की मूर्ती कालव्याकाठी नेतात, पुजारी तिचं तोंड धुतो, आणि मग सुताराला पुढं उभं करतात. त्याची मनगटं फडक्यानं बांधतात. पुजारी झाऊच्या लाकडाची सुरी त्या मनगटांवरून फिरवतो, हात तोडल्यासारखी. सुतार म्हणतो, 'मी ही केली नाही. हे हात माझे नव्हेत, देवाचे.' एवढं झालं की लाकडाचा देव होतो. 'मी केली' म्हणणाऱ्यासाठीही नियम आहे, आणि त्या नियमातली सुरी लाकडाची नाही. पण इर्शुममध्ये ती कुणी चाललेली पाहिली नव्हती, कारण असं म्हणणारा मूर्ख अजून निपजला नव्हता.

गिमिल्लूनं मालकिणीची बोटं दुरुस्त केली होती, देवळातले धाकटे देव घडवले होते, आणि दर वेळी कालव्याकाठी उभं राहून नाही म्हटलं होतं.

"हिचं तोंड धुवायचं नाही ना, मेहुणेबुवा?" त्यानं रंधा मारता मारता विचारलं.

"नाही."

"म्हणजे शपथही नाही?"

"ओंडक्याची कसली शपथ?"

"मग ही माझी," गिमिल्लू म्हणाला, आणि स्वतःशीच हसला. "जन्मभर हातांनी केलं आणि तोंडानं नाही म्हटलं. आता एकदा तरी हो म्हणता येईल. तुमच्यापुढंच का होईना."

मूर्ती उभी राहिली तेव्हा रिमुत दचकला. उंची तीच, हनुवटी तीच, सोन्याच्या पत्र्याचा मुकुटही तोच वाटावा असा.

"नाक तिचं नाही."

"नाही. तुमच्या बहिणीचं आहे. सोनं सगळं वर, लाकूड आत बिचारं दबलेलं. नाकापेक्षा मोती जड. म्हटलं, निदान नाक तरी आपल्या घरचं असू दे."

"तुला लाज कशी वाटत नाही रे?"

"वाटते की. पण जास्त आनंदच वाटतो."

भर दुपारी, गाव उन्हानं सावलीला पडलं असताना, खरी मालकीण वेताच्या चटयांत गुंडाळून होडीत ठेवली. वर कांद्याची रास केली. रिमुतनं तिच्या खांद्यावरच्या शालीची घडी नीट केली आणि कानाशी वाकून म्हणाला, "थोडेच दिवस, माउली." मग तो गाभाऱ्यात गेला, लाकडापुढं ताट मांडलं आणि पडदा ओढला. बाहेर बायका डोकं टेकत होत्या.

अश्शूरी आले आणि त्यांनी वरच्या अंगाला कालवा बांधून टाकला. पाणी आटलं. नंतर भिंतीशी मातीचा चढ रचायला त्यांनी सुरुवात केली, रोज थोडा, सावकाश, घाई नसलेल्या माणसांसारखा. इर्शुमची माणसं वरून दगड टाकत होती, तापलेलं डांबर ओतत होती, मरत होती. पण हलत नव्हती. कुदुर्रूचं गणित चुकलं नव्हतं.

बुसासाचा थोरला ताबिया गळ्यात बाण लागून मेला. त्याला पुरून ती सरळ देवळात आली, तशीच, मातीच्या हातांनी.

"बुवा, मालकीण आहे ना आत?"

"आहे," रिमुत म्हणाला.

"मग ठीक आहे," असं म्हणून तिनं उंबऱ्याला हात लावला आणि ती धाकट्याला भाकरी द्यायला भिंतीवर गेली.

त्या दिवसापासून रिमुतला झोप लागेना. पडद्याआड तो लाकडासमोर बसून राही. ताटातलं अन्न पूर्वीसारखंच प्रसाद म्हणून सरदाराच्या पंगतीला जाई, बाहेर लोक खजुराच्या बिया भाजून दळत होते, आणि काश्शायाचं नाक घेऊन ती मूर्ती त्याच्याकडे बघत राही. लहानपणी बहीण रुसली की अशीच बघायची. त्याला तिच्यापुढं बसवत नसे, आणि बाहेरही जाववत नसे.

मातीचा चढ भिंतीच्या छातीला लागला, तेव्हा एका सकाळी शत्रूकडून नगारे वाजले. सैन्य बाजूला झालं आणि मधून माणसांनी खांद्यावर एक पालखी आणली. तिच्यावर छत्र होतं, पुढं धूप जळत होता. छत्राखाली मालकीण बसली होती.

अश्शूरी वकील पुढं आला. त्याची भाषा आपलीच, इतकी स्वच्छ की जणू शेजारच्या आळीतला.

"इर्शुमकर हो! ही बाई ओळखता का? तुम्ही हिला कांद्याखाली दडपून घराबाहेर काढलीत. आम्हाला कालव्यात सापडली. आम्ही न्हाऊ घातलं, जेवू घातलं. ती म्हणते, इर्शुमवर माझा राग आहे, मी यांच्याकडे आले ती माझ्या पायांनी. देवच घर सोडून गेला, मग तुम्ही कुणाच्या घरासाठी मरताय? आज वेस उघडा. सरदार आमच्या हवाली करा. तुमच्या माना, तुमची बायकापोरं, तुमची खजुरीची झाडं, सगळं जागच्या जागी राहील, आणि तुमच्या बाईला आम्हीच वाजतगाजत आणून बसवू. उद्या मात्र आम्ही विचारणार नाही."

भिंतीवर असा गलका उठला की कुणाचं कुणाला ऐकू येईना. कुदुर्रूनं ताबडतोब गाभाऱ्यातली मूर्ती वर आणवली. पडदा नसलेली मालकीण उजेडात पहिल्यांदाच एवढ्या जवळून लोकांनी पाहिली. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी रडलं. भिंतीवर एक आणि खाली एक, दोघी समोरासमोर.

"त्यांची खोटी आहे!" कुदुर्रू गरजला. "सोनाराकडून करून घेतलीय. बुवांना विचारा!"

सगळी तोंडं रिमुतकडे वळली.

त्याला विचारायची गरजच नव्हती. पालखीतली शाल त्यानंच तिच्या खांद्यावर नीट केली होती. ती तिथं होती, त्याची माउली, शत्रूच्या छत्राखाली, आणि तो इथं होता. एका शब्दानं वेस उघडली असती. एका शब्दानं उरलेली पोरं घरी गेली असती. पण त्या शब्दाच्या आधी दुसरा एक शब्द उभा होता, देवळाच्या उंबऱ्यावर बोललेला. 'आहे.' समोर बुसासा उभी होती. तिच्या मागं तिचा धाकटा, डोक्याला फडकं बांधलेला. तिला कसं सांगायचं, की बाई, तुझा ताबिया तुझ्या मालकिणीसाठी नाही मेला, माझ्या मेहुण्यानं गंमत म्हणून नाक बसवलेल्या ओंडक्यासाठी मेला?

"कोणती खरी, बुवा?" बुसासा म्हणाली.

"ही," रिमुत म्हणाला. "आपली खरी."

गाव वाचलं असतं ते तिथंच बुडालं. रिमुतला ते त्याच क्षणी कळलं, आणि तरी त्यानं शब्द मागं घेतला नाही. काही माणसं भित्री असून सज्जन दिसतात, त्यांच्यापासून देव वाचवो.

खालून वकील हसला. "पुजारी तर म्हणणारच! तुमच्याकडे शपथेची रीत आहे ना? मग सुताराला उभा करा की! त्यानं केली नसेल तर शपथ घेईल."

ही रीत आमची होती आणि त्यांचीही होती. कुणाला नाही म्हणता येईना. खुद्द कुदुर्रूलाही वाटलं, सुतार जन्मभर शपथाच घेत आलाय, आणखी एक घेईल. गिमिल्लूला बोलावलं. त्यानं हात पुढं केले, रिमुतनं मनगटं फडक्यानं बांधली. मग त्यानं झाऊची सुरी उचलली.

"बोल," कुदुर्रू म्हणाला. "मी ही केली नाही."

गिमिल्लूनं खाली पालखीकडे बघितलं. मग मातीच्या चढाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या उपाशी पोरांकडे. शेवटी आपल्या मूर्तीकडे बघितलं तेव्हा त्याचा चेहरा निवळला.

"मी केली," तो म्हणाला.

मग तो लोकांकडे वळला.

"अहो, मी केली ही! माझ्या या हातांनी. झाऊचं लाकूड आहे, आत खजुरीच्या लाकडाचे खिळे आहेत. मालकीण ती खाली बसलीय, तिकडं. हिचं नाक बघा, माझ्या बायकोचं आहे! वेस उघडा रे, लाकडासाठी काय मरताय? लाकूड मी आणखी देईन तुम्हाला!"

लोकांनी खरंच नाक बघितलं. मग गर्दीतल्या काश्शायाकडे बघितलं. आणि इथं गिमिल्लूचा हिशेब चुकला. त्याला वाटलं, लोकांना खरं कळलं की लोक सुटतील. पण ज्यानं आपला मुलगा एका नावानं पुरलाय, त्याला ते नाव खोटं होतं असं सांगून बघा.

"देवीला बायकोचं नाक?" कुणीतरी किंचाळलं.

"देवी केली म्हणतोय! मी केली म्हणतोय!"

"हात तोडा याचे," बुसासा म्हणाली. ती ओरडली नाही. बाकी सगळे ओरडत होते म्हणून तिचंच ऐकू आलं.

गिमिल्लू रिमुतकडे वळला. त्याची गंमत आता संपली होती. "मेहुणे, आता तरी बोला."

रिमुतचे ओठ हलले. निघालं ते एवढंच. "लाकडी सुरी पुरे आहे, सरदार. रीत तशीच आहे."

"ती शपथ घेणाऱ्यासाठी," कुदुर्रू म्हणाला, आणि ते खरं होतं. त्यानं आपल्या माणसाकडे बघितलं. तो लोखंडी कुऱ्हाड घेऊन पुढं आला.

रिमुतनं झाऊची सुरी शेवटपर्यंत हातात धरून ठेवली होती. ती ठेवायची कुठं, ते त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. मातीचा चढ भिंतीला टेकला आणि अश्शूरी आत आले. कुदुर्रू त्याआधीच पाणदरवाज्यातून निसटला होता. बुसासाचा धाकटा वेशीत मेला. भिंतीवर जे जिवंत सापडले त्यांना वेशीबाहेर सुळांवर चढवलं. ज्यांना कामाला लावता येईल त्यांना दोरीत ओवून उत्तरेला नेलं. भिंतीवरच्या मूर्तीचं सोनं शिपायांनी सोलून वाटून घेतलं. लाकूड चुलीत गेलं. चांगलं वाळलेलं होतं, लगेच पेटलं.

मग वकिलानं दिलेला शब्द पाळला, अर्धा. वाजतगाजत मालकिणीला आणून गाभाऱ्यात बसवलं. गावात वाजंत्री ऐकायला म्हातारी, बायका आणि कुत्री उरली होती.

"तू शहाणा माणूस आहेस," वकील रिमुतला म्हणाला. "जो जिंकेल त्याचा पुजारी. आमच्या राजाला अशीच माणसं लागतात."

"मी तुमच्यासाठी खोटं बोललो नाही," रिमुत म्हणाला.

"कुणासाठी बोललास त्यानं आम्हाला काय फरक पडतो? भिंत चढायला आम्हाला कष्ट पडले, पण राजाला नवं गाव मिळालं आणि खायला तोंडं कमी उरली." त्यानं मालकिणीच्या खांद्याकडे बोट केलं. प्रवासात तिथं चीर गेली होती. ती आता सोन्यानं भरली होती, आणि सोन्यावर अश्शूरच्या राजाचं नाव कोरलं होतं. "दुरुस्ती झाली. आता तिचं तोंड पुन्हा धुवायला हवं. शपथ गावच्याच सुताराची लागते ना? आण त्याला."

इर्शुममध्ये सुतार एकच उरला होता. हात नसलेल्याला उत्तरेला नेऊन काय करणार?

रिमुत बहिणीच्या घरी गेला. काश्शाया गिमिल्लूला भाकरी भरवत होती. भाकरी कुस्करून, पाण्यात भिजवून, एकेक घास. गिमिल्लूचे दोन्ही थोटे हात डांबरानं बंद केले होते. तिनं भावाकडे वर बघितलंही नाही. त्यानं उभ्या उभ्या वकिलाचं म्हणणं सांगितलं.

"दादा," काश्शाया म्हणाली, "बांधणार काय?"

रिमुत खाली बसला.

"तो नाही आला तर?" तिनं विचारलं.

"तर वकील म्हणाला, या घराची त्याला गरज नाही."

गिमिल्लूनं घास गिळला. ताप उतरलेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्याचा आवाज झाला होता. "माझी जळली म्हणे?"

"हो."

"पटकन पेटली असेल. लाकूड चांगलं निवडलं होतं मी." मग पुढचा घास नको म्हणून त्यानं मान हलवली. "येतो मी. म्हणेन, मालकीण मी केली नाही. तसं ते खरंच आहे. पण आधी तुम्ही बोला. ती दुसरी कुणी केली ते."

"तू केलीस, गिमिल्लू."

"मला नका सांगू, मला माहीत आहे. दारात जाऊन बोला. गल्लीला ऐकू जाईल असं."

रिमुत दारात गेला. गल्लीत ऊन होतं. समोरच्या ओट्यावर बुसासा जव चाळत बसली होती. आणखी दोघी-तिघी भिंतीला टेकून नुसत्याच बसल्या होत्या. भिंतीवर जे जमलं नाही ते आता जमलं, कारण आता त्यानं कुणी वाचणार नव्हतं.

"ऐका," तो ओरडला. "भिंतीवरची मूर्ती गिमिल्लूनं केली होती! झाऊच्या लाकडाची होती. मालकिणीला मीच होडीत घालून धाडलं होतं. मी खोटं बोललो. उंबऱ्यावरही, बुसासा, तुझ्याशी खोटं बोललो, आणि भिंतीवरही खोटंच बोललो. गिमिल्लू खरं बोलत होता!"

बाकीच्या बायकांनी मान खाली घातली. बुसासाचे हात चाळणीवर थांबले. तिनं त्याच्याकडे बघितलं, रागानं नाही, एखाद्या पोरानं नको ते बोलल्यावर बघावं तसं.

"असं बोलू नये, बुवा," ती म्हणाली. "त्या सुताराचं काय झालं ते बघितलंत ना?"

"बुसासा, मी शपथेवर सांगतो—"

"माझी दोन्ही पोरं मालकिणीच्या डोळ्यांसमोर गेली. मी बघितलीय तिला तिथं, भिंतीवर. पुन्हा असं तोंडातून काढू नका. कुणी ऐकलं तर हात तोडतील." आणि तिनं परत जव चाळायला घेतले.

आत गिमिल्लू हसत होता का रडत होता, ते रिमुतला पाठमोरं कळेना. मग काश्शायानं कोनाड्यातून एक धुतलेलं फडकं काढलं. मनगटं नव्हती, म्हणून तिनं ते नवऱ्याच्या कोपरांना बांधलं.